बाबांच्या खिशातला चाकू

बाबा चांदूर बाजारच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून रिटायर झाले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते चाकूमुळे. गणित काय, पोरं परीक्षा झाली की विसरली. पण लग्नात, बसमध्ये, कोणाच्या अंगणात "चाकू आहे का कोनापाशी?" अशी हाक उठली की माणसं आपोआप बाबांकडे वळायची. बाबा बंडीच्या खिशातून लाकडी मुठीचा जुना मिटता चाकू काढायचे, डाव्या अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घालायचे, टक्‌ असा आवाज व्हायचा. मग पातं धोतराला पुसायचे, फळ कापायचे, पहिली फोड दुसऱ्याला द्यायची आणि शेवटची आपण खायची. आमच्या घराण्याला जो काही मान होता तो एवढाच, आणि तो त्या खिशात होता.

मग त्यांना लकवा झाला. आईला आणि त्यांना मी अमरावतीला माझ्याकडे घेऊन आले. वाचा परत आली, पाय चालू लागला, डावा हात तेवढा खांद्याला टांगल्यासारखा राहिला. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, डाव्यावर भागलं. डॉक्टर शिकलेले होते, डाव्या अंगठ्याच्या नखाला काय काम असतं ते त्यांच्या पुस्तकात नसेल.

अकोल्याला माझा धाकटा भाऊ असतो. त्याच्या मुलाच्या लग्नाची बोलणी होती म्हणून आम्ही तिघं बसनं निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरच्या माणसाला खोक्याची सुतळी तोडायची होती. त्यानं सगळ्या बसमध्ये नेमकं बाबांनाच विचारलं, "काका, चाकूगिकू आहे का?"

"घरी राहिला, बावा," बाबा म्हणाले.

खिशात चाकू दिसत होता. फुगवटा मला दिसत होता, आईला दिसत होता. आई बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मी तिला चिमटा काढला. त्या माणसानं सुतळी दातांनी तोडली आणि बाबा अकोला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला इतका संताप आला, की काय सांगू! कोणावर काढायचा तेही कळेना, म्हणून त्या माणसाच्या दातांवर काढला.

रात्री भावाला सांगितलं. ती माझी चूक. आमच्या भावाला कोणतीही अडचण सांगू नये, तो लगेच तिचा अभ्यास सुरू करतो. आठ दिवसांत तो चाकूंचा पंडित झाला. मोबाईलवर बघून बघून त्याला पोलादाच्या जाती कळायला लागल्या, मुठी कळायला लागल्या, परदेशातली धडधाकट माणसं रोज खिशात काय बाळगतात ते कळलं. आपले वडील एका हाताचे आहेत एवढं सोडून सगळं कळलं.

"ताई, तू समजून नाही राहिली," तो फोनवर सांगायचा. "उघडा चाकू म्हनजे गुंडाचं काम. फोल्डिंग म्हनजे जेंटलमनचं."

"तुह्या जेंटलमनले दोन हात असतेत," मी म्हणायची. "बाबांले सरळ, न मिटणारा पाह्यजे. काढला की कापला."

"अन् पोलिसानं धरलं तर? या वयात तडीपार करतं का बाबाले?"

आईचं तिसरंच. "खिशात उघडा चाकू ठेवला अन् बसतानी पोटात घुसला म्हनजे? माह्या घरात नाही चालनार बाप्पा असं!"

असा आमचा परिसंवाद महिनाभर चालला. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत. त्यांना कोणी काही विचारलं नाही. अध्यक्षांना कुठे कोण विचारतं?

शेवटी भावानं उंटावरून शेळ्या हाकणं थांबवून कुरिअरनं चाकू धाडला. काळा कुळकुळीत, एका बोटानं उघडणारा, शेपटाकडे गाडीची काच फोडायचं टोक असलेला. बाबांना आता बुडत्या मोटारीतून बाहेर पडायचं तेवढंच बाकी होतं ना! बाबांनी बोटानं खटका दाबला, पातं खट्टकन बाहेर आलं आणि आईच्या हातातली पोह्यांची बशी खाली पडली. ठीक आहे म्हटलं, उघडतो तर खरा. पण मिटायला आतली पट्टी एका हातानं दाबून दुसऱ्यानं पातं ढकलावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली असताना बाबांनी तो उघडला आणि मग तसाच घेऊन बसले. सिलिंडरवाला दारात आला, त्यानं काळा चाकू धरून बसलेला म्हातारा बघितला आणि सिलिंडर फाटकातच ठेवून तो निघून गेला. मी कॉलेजातून येऊन चाकू मिटला. बाबा म्हणाले, "चांगला आहे, त्याले सांग." आणि पाणी प्यायला उठले.

आता माझी पाळी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा असं मी भावाला ऐकवून घेतलं आणि बाजारात जाऊन छोटी सरळ सुरी घेतली, वर छानपैकी चामड्याचं म्यान. पोट सुरक्षित, आई खूश. फक्त म्यानाच्या पट्ट्याला टिचबटण होतं आणि ते इतकं घट्ट, की एका हातानं म्यान धरल्याशिवाय दुसऱ्यानं निघत नव्हतं. भाऊ फोनवर इतका हसला, की शेजारी भावजय काय झालं म्हणून विचारायला लागली.

"राहू द्या ना आता," बाबा म्हणाले. "मले तसाबी जाम खायचा कंटाळा येते. बिया अडकतेत दातांत."

जाम म्हणजे आमच्याकडे पेरू. हा माणूस जामासाठी चालती बस थांबवायला लावणारा. आई फोडी करून बशीत द्यायची, वर काटा टोचून. बाबा त्या बशीकडे बघायचेसुद्धा नाहीत. संध्याकाळी काळ्या पडलेल्या फोडी मी मुकाट्यानं टाकून द्यायची. जुना चाकू मात्र रोज सकाळी खिशात जायचा. न उघडणारा चाकू खिशात घेऊन माणूस दिवसभर बसून राहतो, हे बघवत नाही हो.

मग पुतण्याचं लग्न आलं. हळद लागली की नवरदेवाच्या हातात उघडं पातं आणि टोकाला लिंबू, ही आमची रीत. भूतबाधा, नजर, काय काय त्या लिंबाला अडतं म्हणे. लग्नघरात सगळं होतं, फुगे होते, धूर सोडायचं यंत्र होतं, फक्त कट्यार कोणी आणलीच नव्हती. "काही टेन्शन नाही," म्हणत आमच्या पंडितानं स्वतःसाठी घेतलेला तसलाच काळा फोल्डिंग चाकू पोराच्या हातात दिला आणि त्यावर लिंबू खोचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरगं बाबांच्या पाया पडायला वाकलं, त्याचं बोट त्या आतल्या पट्टीवर पडलं, वाकताना लिंबू जमिनीला टेकलं आणि पातं मिटलं. बोट वाचलं, लिंबू सुटलं आणि गडगडत व्याह्यांच्या खुर्चीखाली गेलं. व्याहीण एवढंच म्हणाली, "आमच्याकडे कट्यार नाही बाई मिटत."

भाऊ धावत आचाऱ्याकडे गेला आणि कांदे कापायचा एक बुटका, सरळ पात्याचा चाकू घेऊन आला. त्यावर नवं लिंबू खोचलं आणि सगळं सुरळीत झालं. पोरगं तो उघडा चाकू घेऊन घोड्यावर बसलं, भर चौकातून वाजतगाजत गेलं, बंदोबस्तावरच्या पोलिसानं त्याच्यासाठी रस्ता मोकळा करून दिला. गुंड कोणी म्हटलं नाही, तडीपार कोणी केलं नाही, पोटातही काही घुसलं नाही. बाबा कारच्या खिडकीतून बघत होते.

"नवरदेवाले चालते," ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले.

मी ऐकलं आणि घोड्यापुढे नाचणाऱ्या भावाचा फोटो काढायला लागले.

लग्न लागल्यावर लिंबू उतरवून टाकलं. आचाऱ्यानं चाकू परत घ्यायला नकार दिला. "नवरदेवाच्या हातातला चाकू कांद्याले नाही लावत मी," म्हणाला. पुढे त्या चाकूचं काय झालं, ते मला पाहुण्यांच्या गडबडीत कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर स्टँडवर जामवाला चढला. पुढच्या सीटवरच्या बाईनं एक भलामोठा जाम घेतला आणि मागे वळून विचारलं, "चाकू आहे का कोनापाशी?"

मी पटकन खिडकीबाहेर बघायला लागले. घरी राहिला, हे मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"आहे ना," बाबा म्हणाले.

त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. नेहमीचंच, जुनं, कडक, खटक्याचं. अंगठ्यानं झाकण उडवलं, आणि आत रुमालावर तो आचाऱ्याचा चाकू, मुठीला अजून हळद लागलेली. मिटणारा की न मिटणारा, म्यान कसलं, बटण कसलं! महिनाभर आम्ही दोघं शिकलेली भावंडं भांडत होतो आणि चष्म्याचं घर तेव्हाही टीव्हीवरच पडलेलं होतं.

"अहो, चष्मा कुठं आहे मंग?" आई ओरडली.

"नाकावर. घरात ठेवून कोनाले दिसते?"

बस उभीच होती. बाबांनी आईकडून डब्याचं झाकण मांडीवर घेतलं, जाम त्यावर ठेवला. मग उजव्या हातानं डावा हात मनगटाला धरून उचलला आणि जामावर वजनासारखा ठेवून दिला. तो हात लकव्यानंतर पहिल्यांदा कामाला आला. फोडी वाकड्यातिकड्या झाल्या. पहिली त्या बाईला दिली, मग आईला, मग मला. शेवटची त्यांनी स्वतः तोंडात टाकली, बियांसकट.

मी तोंडातली फोड चावत विचारलं, "बिया अडकतेत ना तुमच्या दातांत?"

"अडकू दे," बाबा म्हणाले, आणि जामवाल्याला हाक मारून त्यांनी अजून एक जाम मागितला.