सासूबाई बसल्या की वाजणारी जीप

माझ्या जीपला माझ्या सासूबाई बाधतात, हे मी एका शंभर पानी वहीत पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं.

जीप जुनी, लिलावातली, पण चारही चाकांनी ओढणारी. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावाची वाट भातखाचरांतून जाते आणि पावसाळ्यात एसटी फाट्यावरूनच परत फिरते, म्हणून मी (पेशाने प्राथमिक शिक्षक, स्वभावाने घाबरट) ती घेतली. विकणाऱ्याने गिअरशेजारचा छोटा दांडा दाखवून सांगितलं होतं, "मास्तर, अडचणीची वेळ आली की हा मागं ओढायचा. पुढची चाकंपन जोर लावतात." शिक्षकाला एकदा सांगितलेलं पुरतं. मी ते पाठ करून टाकलं.

त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मुरबाडजवळच्या गावी. दर रविवारी मी जीप घेऊन जायचो, बाळाकडे बघत बसायचो आणि एकटाच परत यायचो. बाळ आता हसायला लागलं होतं, आणि ते हसू माझ्या वाट्याला आठवड्यातून एकदाच येत होतं. तिसरा महिना लागला तशी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, आईला विचारा ना आता."

विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "न्या की. पन आदी त्या जीपमंदी मी बसून बगनार. आनि चौथ्या महिन्यात आमच्यात तान्ह्या पोराला हालवत नाय. या महिन्यात नाय जमलं, तर मंग पाचव्यात."

हातात चार रविवार होते.

पहिल्या रविवारी मी सीटवर धुतलेली चादर अंथरली, आरसा पुसला, दांडा ओढला, हॉर्न वाजवून पाहिला, देवाचं नाव घेतलं आणि सासूबाईंना घेऊन मुरबाडच्या दिशेने निघालो. पहिलं वळण आलं आणि जीपच्या पुढच्या भागातून आवाज आला. कट्. कट्-कट्. कर्रर्र.

"ह्ये काय वाजतंय, जावईबापू?"

"कुठे काय?"

"म्होरं. चाकात बसून कोन सुपारी फोडतंय का?"

पुढच्या वळणाला पुन्हा तेच, आणि स्टिअरिंगही एवढं जड झालं की मला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं. सासूबाईंनी एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने मंगळसूत्र धरलं होतं. "फिरवा माघारी," त्या म्हणाल्या. "यात माजी नात बसनार नाय."

त्यांना घरी सोडून मी शहापूरकडे निघालो. तासाभराच्या रस्त्यात इतकी वळणं, पण जीप चकार शब्द बोलली नाही.

दुसऱ्या रविवारच्या आत मी मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या गणू मिस्त्रीला गाठलं. त्याने जॅक लावला, चाकं हलवली, बेअरिंग पाहिलं, ग्रीस भरलं आणि स्वतः चालवून आणली. "मास्तर, गाडी झ्याक हाय. आवाज नाय काय नाय." रविवारी सासूबाई बसल्या. चादर, आरसा, दांडा, हॉर्न, देव. पहिलं वळण, कट्-कट्.

मग मी वही घातली. वार, प्रवासी, आवाज, असे तीन रकाने. मी एकटा, आवाज नाही. हेडमास्तर, आवाज नाही. शाळेच्या खिचडीचं तांदळाचं पोतं, आवाज नाही. (ते पोतं मी मुद्दाम पुढच्या सीटवर उभं बसवलं होतं, सासूबाईंच्या वजनाच्या अंदाजाने. साडी तेवढी नेसवायची राहिली होती.) तिसरा रविवार, सासूबाई, आवाज आहे. म्हणजे प्रश्न वजनाचा नव्हता, व्यक्तीचा होता. शेजारच्या नानांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, त्यांचा पायगुन कसा काय हाय?" मी त्यांना गप्प केलं खरं, पण त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. एकच रविवार उरला होता, आणि पाचव्या महिन्यापर्यंत मुलगी मला ओळखेनाशी होईल अशी भीती वाटायला लागली होती.

गणू मिस्त्रीने वही पाहून डोकं खाजवलं. "दुखनं हजर असल्याबिगर मी काय सांगनार? ज्यांच्यानं वाजतंय, त्यांनाच घेऊन या."

आता सासूला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हटलं, "मिस्त्रीला तुमचं मत हवंय." सासूबाई खूश झाल्या आणि चौथ्या रविवारी लग्नातली साडी नेसून गॅरेजात आल्या.

गणू मिस्त्रीने नमस्कार केला आणि विचारलं, "म्हंजे गाडी वाजते ती तुमच्यामुळं का?"

"माज्यामुळं?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

"वहीत तसंच लिवलंय ना." आणि त्या भल्या माणसाने वही उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "रविवार. सासूबाई. आवाज आहे. बुधवार. पोतं, सासूबाईंएवढं. आवाज नाही."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. मुरबाडची जमीन कडक निघाली. सासूबाईंनी वही त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चालवा," त्या म्हणाल्या.

गणू मिस्त्री मागे चढला. मी चादर सारखी केली, आरसा पुसला, दांडा ओढला.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "हा दांडा कशापायी ओढलात?"

"सासूबाई बसल्यात ना! अडचणीच्या वेळी ओढायचा असतो. दोन चाकांपेक्षा चार बरी."

"एकटे असताना ओढता?"

"छे. एकट्याच्या जिवाची एवढी काळजी कशाला?"

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. ग्रीस लागलं, पण त्याला भान नव्हतं. "अवो, ते चिखलासाठी हाय. डांबरीवर वळताना म्होरची चाकं येगळी धावतात, मागची येगळी. तुमी त्यांना बांदून टाकता, मंग ती कटकट करनार नाय तर काय?" त्याने दांडा पुढे ढकलला. "आता चालवा."

मी स्टँडला तीन फेऱ्या मारल्या. जीप मुकी.

सासूबाईंनी दाराला धरलेला हात सोडला. त्या म्हणाल्या, "गाडीत खोट नाय, मिस्त्री."

"नाय, मावशी."

"मंग आजच पोरीला न् नातीला पाठवते. पन गाडी तू चालवायची."

दुपारी निघालो. चालवायला मिस्त्री, शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर बाळ. मागच्या बाकावर सुनंदा, आणि तिच्यासमोर गाठोडी, पाळणा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा यांच्यामध्ये जागा मिळेल तिथे मी. वहीही बरोबर होती, सासूबाईंच्या पिशवीत. त्यांनी ती परत केली नाही.

बाळ झोपून होतं. शहापूरपर्यंत जीपच्या पुढच्या भागातून एकही आवाज आला नाही. मागून मात्र एकदा आला. "मी काय म्हणतो, पुढे जरा उतार आहे, तर तो छोटा दांडा..."

सगळ्यांनी वळून पाहिलं, तेव्हा तोही बंद झाला.