चहाचं कोणी सांगितलंच नाही

“हृदयाला रक्त कमी पडतंय. किती, ते बघितल्याशिवाय ऑपरेशनचं ठरवता येणार नाही,” वर्ध्याच्या डॉक्टरांनी कागदावरची नजर न काढता सांगितलं. माझे यजमान शेजारी शर्टाची बटणं लावत होते.

अशा रोग्याला एरवी फिरत्या पट्ट्यावर चालवतात. ह्यांचा उजवा पाय बैलबंडीखाली सापडल्यापासून आखूड झालेला. म्हणून मुंबईला ‘थॅलियम स्ट्रेस टेस्ट’ करायचं ठरलं. म्हणजे शिरेतून औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या, मग थॅलियम नावाचं किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचून फोटो घ्यायचे. रक्त पोहोचत नाही तो भाग फिका दिसतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट; आमच्याकडे ही सोय नव्हती.

तयारी काय करायची, हे मी मुंबईच्या दवाखान्यात खिडकीवर दोनदा विचारलं. आतल्या माणसाने दोन्ही वेळा एवढंच सांगितलं, सकाळी काही खाऊन येऊ नका.

आम्ही ठाण्याला नणंदेकडे उतरलो होतो. आमच्या वडनेरला एकादशी असो की शिवरात्र, चहा उपासाला चालतोच. त्याला कोणी खाण्यात धरत नाही. नणंदेने पहाटे उठून आलं घातलेला चहा केला आणि भावाला प्रेमाने पाजला. मी समोरच होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

टेबलावर झोपवल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, चहा-कॉफी घेतली नाही ना? ह्यांनी खरं ते सांगितलं. झालं! चहात कॅफीन असतं, ते त्या औषधाला काम करू देत नाही, चहा आदल्या दिवसापासून बंद हवा. तपासणी रद्द, नवी तारीख महिन्याभराने. वर नर्सकडे वळून म्हणाले, “खेड्यातली माणसं. कितीही सांगा, ऐकत नाहीत.”

माझं डोकंच फिरलं.

“डॉक्टरसाहेब, खाऊ नका म्हणलं, त्यायनं खाल्लं नाई. चहा पिऊ नका म्हणून कोनं सांगतलं होतं आमाले?”

त्यांनी पुढच्या रोग्याला बोलावलं.

त्या महिन्यात ह्यांच्या छातीत दोनदा कळ आली. त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवून मी हात धरून बसायची आणि मनात त्या खिडकीतल्या माणसाला शिव्या घालायची. मधल्यामध्ये काही बरंवाईट झालं असतं तर जाब कोणाला विचारायचा होता?

दुसऱ्या खेपेला मी दोन दिवस आधीच जाऊन डॉक्टरांनाच गाठलं आणि सगळं खोदून विचारलं. चहा, कॉफी, चॉकलेट, कोला, सगळं बंद. दम्याचं औषध चालू असेल तर तेही आधी सांगायचं. तुमच्यावर ही वेळ आली तर असंच विचारा, कोणी चिडलं तर चिडू द्या.

चहा सुटल्यामुळे तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ह्यांचं कपाळ ठणकायला लागलं. नणंद डोकेदुखीची गोळी घेऊन आली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

“माह्या भावाले मी जहर देऊन राह्यली का?” ती फुगून बसली.

कोपऱ्यावरच्या दुकानातून दवाखान्यात फोन लावला. गोळीचं नाव ऐकून डॉक्टर म्हणाले, “त्यातही कॅफीन आहे. बरं झालं विचारलंत.” बरं झालं म्हणे! विचारलं नसतं तर पुन्हा आम्हीच अडाणी ठरलो असतो.

तपासणी झाली. औषध जाताना ह्यांचा चेहरा लाल झाला, छाती दडपली, थोड्या वेळाने ओसरलं. फोटोत एक लहानसा भाग फिका होता. ऑपरेशन नको, गोळ्यांवर भागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि मला तिथेच रडू फुटलं. त्या क्षणी मी त्यांचेही आभार मानले, खोटं कशाला बोलू?

बाहेर आलो तर खिडकीपुढे एक बाई उभी होती, काखेत चहाचा थर्मास. आतून तेच वाक्य आलं, उद्या सकाळी काही खाऊन येऊ नका.

मी ह्यांना बाकावर बसवलं आणि तिच्याजवळ गेले. “बाई, चहाबी नाई द्याचा. आतापासूनच बंद.”

खिडकीतला माणूस म्हणाला, तुम्ही मध्ये पडू नका. मी पडले. रांग अडवून उभी राहिले आणि चहाचं त्याच्याच तोंडून मोठ्याने वदवून घेतलं, तेव्हा कुठे बाजूला झाले.