न शिवलेले चार हजार गणवेश

२००३ च्या जुलैत मी पारुबाईंना भर शाळेत बोललो. ते बोलणं मला अजून टोचतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कुरुंद्याच्या पुढं एका तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत मी होतो. त्या वर्षी गणवेश आले आणि आठवड्यात उसवायला लागले. कुणाची काख फाटली, कुणाच्या स्कर्टचा हुक निघाला. गठ्ठ्यावर चिठ्ठी होती : पुरवठादार, जगदंबा महिला बचत गट, अध्यक्षा पारुबाई धर्मसिंग राठोड. पारुबाई नातीला, दिपाला, शाळेत सोडायला आल्या तेव्हा मी एक फाटका सदरा त्यांच्यापुढं धरला.

"बाई, सरकारनं विश्वासानं बायांना काम दिलं, अन् तुमी असं शिवून दिलं?"

त्यांनी सदरा उलटा केला, शिवण बोटानं चाचपली.

"ही शिलाई माझी न्हाई, गुरुजी. टाका बघा केवढा लांब हाय. आत कापड बी सोडलं न्हाई."

"मग चिठ्ठीवर नाव कुणाचं?"

"मला वाचता येत न्हाई. सही तेवढी येती," त्या म्हणाल्या.

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधी, चौऱ्याण्णव साली, पारुबाई वसमतला शिवणाच्या वर्गाला गेल्या होत्या. तोवर नवऱ्यासोबत, धर्मसिंगसोबत, ऊसतोडीला जायच्या. कंबर गेली म्हणून कोयता सुटला आणि पायमशीन आलं. तांड्यावरच्या बायांच्या कांचळ्या, म्हणजे आरसे लावलेल्या चोळ्या, त्यांच्याच हातच्या. पुढं बारा बायांचा गट झाला. मग कुरुंद्याचा तातेराव आला. तो एका कापडवाल्याचा माणूस. "आता गणवेश बायांच्या गटाकडूनच घ्यायचे असं निघालंय. तुमी फक्त सही करा," म्हणाला. पारुबाईंनी सही केली. बायांनी मशिनी पुसून ठेवल्या, कापडाची वाट पाहिली. कापड आलंच नाही. तातेरावानं प्रत्येकीला एक साडी दिली आणि काम दुसरीकडं झालं म्हणून सांगितलं.

हे मला त्या दिवशी कळलं. तालुक्याला जाऊन मी कागदाची नक्कल आणली आणि त्यांना वाचून दाखवली. चार हजार गणवेश त्यांच्या गटानं शिवले होते, कागदावर.

"चार हजार?" पारुबाई शाळेच्या पायरीवर बसल्या. "बारा बायांनी महिनाभर मान वर केली नसती तरी झाले नसते."

दुसऱ्या दिवशी धर्मसिंगनं बैलगाडीतून मशीन आणून व्हरांड्यात ठेवलं. नऊ दिवस त्या तिथं बसल्या आणि शाळेतला एकेक गणवेश पुन्हा शिवून दिला. मी म्हणालो, "तुमची चूक न्हाई, कशाला करता?"

"नाव तर माझंच हाय ना."

पुढच्या उन्हाळ्यात तातेराव पुन्हा कागद घेऊन आला. पारुबाईंनी सही केली नाही. "यंदा आमी शिवणार," म्हणाल्या.

"शिवा की. जिल्हा परिषदेच्या साहेबाला विचारून या," तो म्हणाला आणि फटफटीवर बसून गेला.

त्या विचारायला गेल्या. कुरुंद्याहून वसमत, वसमतहून हिंगोली, दोन एष्ट्या. साहेब दौऱ्यावर, साहेब मिटिंगला, साहेब रजेवर. चौथ्या खेपेला मी सोबत गेलो तेव्हा साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाईल उघडली आणि खूश झाले.

"तुमच्या गटाचा अनुभव चांगला आहे बाई. चार हजार गणवेश, तेही वेळेत."

फक्त मान हलवायची होती. खरं सांगतो, पारुबाईंनी ती हलवावी असंच मला वाटत होतं.

"सायब, ते आमी शिवले न्हाईत."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग तुमचा अनुभव शून्य. किमान दोन हजारांचा लागतो."

"काम दिल्याबिगर अनुभव कुठून आणू?"

"नियम मी केलेला नाही, बाई. तक्रार असेल तर लेखी द्या."

मी लिहिली, पारुबाईंनी सही केली. त्या अर्जाचं पुढं काही झालं नाही. परतीच्या एष्टीत मी विचारलं, "काहून बोललात?"

त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. मग म्हणाल्या, "व्हय म्हणलं असतं, तर एवढे आमाला झेपले नसते, अन् तातेरावानं पुन्हा बाहेरचाच माल आणला असता. अन् फाटलेलं पुन्हा मीच शिवत बसले असते. आता होत न्हाई, गुरुजी."

तांड्यावर गटातल्या बाया चिडल्या. साडीही गेली आणि कामही. आठ जणींनी गट सोडला. तातेराव शेजारच्या तांड्यावर गेला. तिथल्या गटाची अध्यक्षा चतुराबाई, म्हणजे धर्मसिंगची सख्खी बहीण. तिनं सही केली. दोन वर्षं नणंद-भावजय लग्नाकार्यातही बोलल्या नाहीत.

पुढं गणवेश घ्यायचं शाळेच्या समितीकडं आलं. आमच्या समितीनं पारुबाईंना सांगितलं. सेहेचाळीस लेकरं. त्यांनी टेप घेऊन एकेकाचं माप घेतलं, वाढत्या अंगाचं कापड आत सोडलं. ते बघून आणखी दोन शाळांनी काम दिलं. दीडशेच्या वर आकडा कधी गेला नाही. बाकीची गावं तातेरावाचा तयार मालच घेत राहिली, चिठ्ठीवर चतुराबाईच्या गटाचं नाव. पारुबाईंना सुईत दोरा दिसेना, तो दिपा ओवून द्यायची. जून आला की पाय सुजायचे. एकदा म्हणाल्या, "हे पायजे म्हणून एवढं फिरले, अन् आता कवा संपल असं होतंय."

२००८ च्या जूनमध्ये मी गणवेश न्यायला गेलो, तर दारात चतुराबाई उभी होती. तिच्या तांड्यावरही मास्तरांनी तिला फाटका सदरा दाखवला होता.

"वहिनी, सगळे मलाच बोलून राहिले. मी काय करू?"

"सही करू नको."

"मग आमच्या बायांनी करावं काय?"

पारुबाईंचा पाय मशीनवर थांबला. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. शेजारची सतरंजी सरकवली आणि गणवेशांचा ढीग पुढं ओढला.

"काज करता येतात का तुला?"

"येतात."

"मग बस."

चतुराबाई बसली. गटात आता पाच जणी झाल्या. त्या दिवशी माझे गणवेश तयार नव्हते. मी दोन दिवसांनी येतो म्हणून सांगितलं आणि सायकल काढली.