खंडेनवमीला उघडलेले चुंबक

त्या वर्षी खंडेनवमीने माझी वाट लावली. खरं तर ती मीच लावून घेतली. पण हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली, म्हणून आधी खंडेनवमीवर राग काढून घेतो.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात घाटकोपरच्या एका कारखान्यात मी डिप्लोमा घेऊन नवानवा सुपरवायझर लागलो होतो. कायम व्हायला दोन महिने उरले होते. रॉकेलवर चालणाऱ्या पंपाच्या इंजिनांना ठिणगी देणारे मॅग्नेटो आम्ही दुरुस्त करत असू. ठिणगीचा जीव आतल्या चुंबकात. जुने चुंबक पोलादाचे, घोड्याच्या नालेसारखे. नवे ॲल्निको नावाच्या मिश्रधातूचे, आखूड आणि जड.

कामगारांपुढे मला अक्कल पाजळायची हौस भारी. फळ्यावर चित्रं काढून मी सांगितलं होतं, की क्रेनने भंगार उचलणारा चुंबक विजेचा, वीज गेली की मेला. पोलादाचा म्हातारा, जपावा लागतो. ॲल्निको मात्र पैलवान. टाळ्या तेवढ्या पडायच्या राहिल्या होत्या.

खंडेनवमीला मी दुपारी पोचलो. बाकावर केळीच्या पानांवर बारा नवे चुंबक मांडलेले, चिंचेने घासून लख्ख केलेले, प्रत्येकावर कुंकू आणि झेंडूचं फूल. दसऱ्यानंतर पाठवायचे तयार मॅग्नेटो आमच्या मालवणी मिस्त्रींनी उघडले होते!

"अहो मिस्त्री, हे काय केलंत?"

"आतलो देव काळो ठेवन पूजा कशी करतलास?" ते हसून म्हणाले.

"आणि मधली पट्टी?"

चुंबकाच्या दोन टोकांमध्ये आतली फिरकी असते. ती काढताना टोकांना लोखंडी पट्टी जोडायची, नाहीतर चुंबकाची ताकद ओसरते. जुन्या चुंबकांना मिस्त्री न चुकता पट्टी लावत.

"पैलवानाक पट्टी कित्याक? तुमीच सांगलात मां?"

मी मिस्त्रींना सगळे पुन्हा जोडायला लावले, फिरवून पाहिले. बाराच्या बारांची ठिणगी मेलेली. चुंबकात पुन्हा ताकद भरायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांच्या दाराला सणाचं कुलूप. मी तीन ठिकाणी हेलपाटे घातले, पहारेकऱ्यांशी भांडलो. गिऱ्हाइकाने माल रद्द केला.

शेठने आम्हा दोघांना बोलावलं. "नव्या चुंबकालाही पट्टी लागते, हे यांना सांगितलं होतं ना तुम्ही?"

फळ्यावर मी सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. पट्टी नसली तर ॲल्निको जास्तच ढासळतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण पैलवानाच्या गोष्टीत ते शोभत नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग शेठला म्हणाले, "तेंनी सांगलेला, शेट. माज्याच ध्यानात रवला नाय."

त्यांना दिवाळीनंतर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मला ठरल्या दिवशी कायम केलं.

त्यानंतर ताकद भरून, पट्ट्या लावून आलेले ते बारा चुंबक मलाच मॅग्नेटोत बसवावे लागले. फिरकी दर वेळी कुठेतरी घासायची. दिवसभर घाम गाळून, चिडून, एकही धड बसेना. कशी बसवायची हे विचारावं असा कारखान्यात एकच माणूस होता.