खुंटावरचा छाप

माझे थोरले बंधू जंगल खात्यात गार्ड होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरात त्यांची सत्तावीस वर्षे नोकरी झाली होती. स्वातंत्र्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे संधिवाताने धरले. साठलेली रजा संपत आली. नियम असा होता की, शरीर कामास निकामी झाले आहे असे सिव्हिल सर्जनने लिहून दिले, तर मुदतीआधी निवृत्त होऊन पेन्शन मिळे. प्रमाणपत्र नसेल, तर रजा संपताच कामावर हजर व्हायचे; न झाल्यास गैरहजर म्हणून नाव कमी होई आणि पेन्शनही जाई.

मी तेव्हा धुळ्यास प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. नानांना तपासणीसाठी नेण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते शाळेच्या रीतीने केले. डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येणार म्हटले की आम्ही मुलांना नखे काढायला, धुतलेले कपडे घालायला, ताठ उभे राहून स्पष्ट उत्तर द्यायला शिकवत असू. तेच मी नानांना सांगितले. त्यांनी दाढी केली, खाकी गणवेश इस्त्री करून घेतला, पट्ट्याचे पितळ चिंचेने घासले.

डॉक्टरांच्या खोलीत शिरताच नानांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. डॉक्टरांनी विचारले, "काय त्रास होतो?"

"काही नही, साहेब. बठ्ठं ठीक शे."

मी खाकरलो. नानांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. साहेबापुढे तक्रार सांगणे म्हणजे बेशिस्त, हे त्यांच्या अंगात मुरलेले होते. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले. नानांच्या कपाळावर घाम आला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांची विश्रांती लिहून दिली आणि त्यानंतर कामावर हजर होण्यास हरकत नाही, असा शेरा मारला.

बाहेर आल्यावर नाना भिंतीला धरून बाकावर टेकले आणि म्हणाले, "मास्तर, तुनी शाळामा मी पास हुई गऊ!"

मला हसू आले नाही. मी एकटाच पुन्हा आत गेलो आणि घडले ते सगळे डॉक्टरांना सांगितले. ते रागावतील अशी भीती होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही शिक्षक ना? मग नीट समजून घ्या. गुडघा दुखतो, एवढ्यावर मला काही लिहिता येत नाही. गुडघे माझेही दुखतात. हा माणूस दिवसभर काय काम करतो, आणि त्यातले कोणते आता होत नाही, ते मला कळले पाहिजे. लिहून आणा. आणि तो पट्टा घरी ठेवायला सांगा."

त्या पंधरा दिवसांत मी नानांपाशी बसून त्यांच्या कामाची यादी केली. डोंगरातल्या हद्दीच्या खुणा पाहत फिरणे, वणवा लागला तर धावत जाणे, वगैरे. त्यांना क्षुल्लक वाटलेली एक गोष्ट मी विचारून विचारून काढून घेतली. तोड झालेल्या झाडाचा खुंट तपासताना अगदी जमिनीलगत वाकावे लागते. तिथे सरकारी हातोड्याचा छाप असेल तर तोड परवानगीची, नसेल तर चोरीची. असे दिवसाला तीस-चाळीस खुंट.

दुसऱ्या खेपेस नाना धोतर-सदऱ्यात आले. डॉक्टरांनी यादी सावकाश वाचली. मग टेबलावरचा लाकडी ठोकळा उचलून फरशीवर ठेवला.

"हा खुंट. छाप आहे का बघा."

नाना तत्काळ उकिडवे बसले, कारण तो हुकूम होता. ठोकळा फिरवून म्हणाले, "छाप नही, साहेब. चोरीना माल शे." डॉक्टर हसले.

"ठीक. आता पुढच्या खुंटाकडे चला."

नानांनी तळवे फरशीला टेकले. एकदा जोर केला, दोनदा केला. मी पुढे झालो, तर डॉक्टरांनी हाताने मला थांबवले. बऱ्याच वेळाने नाना खाली पाहत म्हणाले, "आते उठाई नही राहिनं, साहेब."

डॉक्टरांनी स्वतः त्यांना काखेत धरून उठवले, खुर्चीवर बसवले आणि लिहायला घेतले.

बाहेर बाकावर नानांनी कागद माझ्या हाती दिला. मजकूर इंग्रजीत होता. मी शब्दास शब्द लावून सांगितले: पुढील कोणत्याही नोकरीस कायमचे असमर्थ. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

"हाई खरं शे," ते म्हणाले. "पन घरमा असं वाचानं नही."

दुसऱ्या दिवशी साक्रीस जाऊन अर्ज कचेरीत दिला. घरी वहिनींनी विचारले, "काय लिहिलं डॉक्टरांनी?"

"गुडघ्यांना विश्रांती हवी, असं," मी सांगितले. जाणूनबुजून चुकीचे भाषांतर मी तेवढे एकदाच केले.