पुराव्यासाठी एक वायतुरा

सुलभाताई मुंगी यांच्याबरोबर तळ्यावर जाणं म्हणजे डोक्याला ताप, हे त्यांच्या कॉलेजची बॉटनीची मुलं आजही कबूल करतील. बाई प्रोफेसर नव्हत्या, प्रयोगशाळेत सहायक होत्या. पण काठावर उभं राहिलं की राज्य त्यांचं. वाळवून कागदावर चिकटवायला एखादी वनस्पती हवी असेल तर आधी मोजायची. दहा दिसली तर एक उपटायची. नऊच असली तर वहीत चित्र काढून मुकाट्यानं घरी जायचं. हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता, बाईंचा होता, आणि एकतीस वर्षं त्यांनी स्वतःही तो पाळला.

तळं नानाखेड्याच्या पुढे, या हिंदी मुलखातल्या शहराच्या कॉलन्या संपतात तिथे. पूर्वी त्यात कमळं होती, शिंगाडा होता, काठाला पाणकणीस होतं आणि दक्षिणेच्या उथळ कोपऱ्यात वायतुरा होता. त्याची लांबट पानं पाण्यावर पसरतात, भाद्रपदात फिकट जांभळा तुरा वर येतो, आणि पाणी आटलं की चिखलात सुपारीएवढा कंद तेवढा उरतो. तळ्यावरचे लोक त्याला नुसतं गवत समजून घासच म्हणत. मग कॉलन्यांचं सांडपाणी आलं, पाठोपाठ पाणी झाकून टाकणारी जलकुंभी आली, आणि निवृत्त झालेल्या बाईंवर दर पावसाळ्यात वहीतलं एकेक नाव खोडण्याची पाळी आली.

गेल्या वर्षी तिथे सुशोभीकरणाचा बोर्ड लागला. तळ खरवडायचा, चारी बाजूंनी दगड बसवायचे, मध्ये कारंजं. बाई अर्ज आणि वायतुऱ्याचा फोटो घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेल्या. मागणी एवढीच, की दक्षिणेचा कोपरा तेवढा सोडा. साहेब सभ्य होते, बसायला खुर्ची दिली.

"मॅडम, फोटो तो कहीं का भी हो सकता है. कोई पक्का सबूत लाइए, मैं खुद काम रुकवा दूँगा."

तीन सकाळी बाई गुडघाभर घाण पाण्यात फिरल्या. वायतुरा सापडला, पण एकच. तुरा नुकता उमलला होता, बी धरायला अजून अवकाश होता.

नियम त्या विसरल्या नव्हत्या. पण चिखलात जुनं बी, एखादा निजलेला कंद असेल, कोपरा वाचला तर पुढच्या वर्षी उगवेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बरं, एक पान आणि तुरा नेला असता तरी भागलं असतं. साहेबांना पालक आणि मेथीतला फरक कळत असेल की नाही, देव जाणे. पण कंदाशिवाय नमुना बाईंच्या लेखी अर्धवट, आणि अर्धवट काम त्यांनी जन्मात कोणाच्या हाती दिलं नव्हतं. त्यांनी कंद खणून काढला, कागदावर सपाट बसावा म्हणून ब्लेडनं मधोमध उभा चिरला आणि टिपकागदात घालून वजनाखाली ठेवला. वेड्या बाईचा हा नीटनेटकेपणा आठवला की आजही राग येतो.

साहेबांनी वाळलेल्या वायतुऱ्याचं शीट पाहून "वाह!" केलं, शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून दाखवलं आणि लगेच पाहणीचा हुकूम काढला. तीन माणसं आली. तास-दीड तास पाणी ढवळून झाल्यावर काठावरच पंचनामा लिहिला गेला: मौके पर उक्त वनस्पति नहीं पाई गई.

"एक था," बाई म्हणाल्या. "अब वो साहब की टेबल पर है."

"तो अब तो नहीं है ना, मॅडम?" लिहिणारा अगदी अदबीनं म्हणाला. "यहाँ दस्तख़त कर दीजिए."

बाईंनी सही केली. मजकूर खरा होता.

पुढच्या आठवड्यात मशीन लागलं. चार दिवसांत दक्षिणेचा कोपरा कुठला आणि उत्तरेचा कुठला हे ओळखू येईना. तिथून हलायला तयार नसलेल्या आईला घ्यायला पराग, त्यांचा मुलगा, स्कूटर घेऊन आला.

"आई, परेशान नको होऊस. तू नसता नेला तरी मशीन येणारच होतं ना?"

"येणारच होतं."

"मग?"

"मशीननं मारला असता तर मला रडता तरी आलं असतं रे," बाई म्हणाल्या, आणि पदर आवरून मागे बसल्या.