सीताफळाचा गर

सकाळपासून खिडक्या उघड्या आहेत, पातेलंही घासून पालथं घातलंय, तरी स्वयंपाकघरातून सीताफळाचा वास जात नाही. कालच्या कोजागिरीची निम्मी बासुंदी फ्रिजमध्ये तशीच आहे. नांदेडला येऊन इतकी वर्षं झाली, पण हा वास मला थेट कंधारकडच्या आमच्या माळावर नेतो. पावसाळा सरला की आई तिथली सीताफळं तोडून आणायची, कडब्यात घालून पिकवायची, रोज हलक्या हाताने चाचपून बघायची. पिकली की पाटी डोक्यावर घेऊन, ज्यांच्या शेतात ती कामाला जायची त्यांच्या घरी पोचवायची. आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे. आईच्या हातच्या खिरीला तोड नव्हती, म्हणून एकदा मी म्हटलं, खीरपण नेऊ की. ती चालता चालताच म्हणाली, "फळाला साल हाय, म्हणून चालतं त्यान्ला. खीर न्हाई चालायची." आवाजात राग नव्हता. आभाळ आलंय, वाळवण आत घे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

आमच्या कॉलनीची कोजागिरी गच्चीवर होते. कामं वाटून देणं माझ्याकडे: दूध तळमजल्यावरच्या काकूंनी आटवायचं, भजी समोरच्या वहिनींची. माझं काम मात्र बाकीच्याच ठरवतात. "मॅडम, तुमच्याकडची सीताफळं लई गोड, तुम्ही तीच आणा." त्या एकमेकींना काकू, वहिनी; मी मॅडम. गडबडीत हे कधी मनाला लागलं नव्हतं. यंदा फळं निवडताना हात थांबला. अजून सालच.

मग बसून गर काढला, बिया वेचल्या, दूध आटवून गार केलं आणि पातेलंभर बासुंदी घेऊन गच्चीवर गेले.

"अगं बाई, फळंच आणायची की मॅडम! एवढा खटाटोप कशाला?" वहिनी म्हणाल्या. त्यांना शुगर. एकीचं पोट बिघडलेलं. एक म्हणाली, नंतर घेते. मी हसत ग्लास भरत राहिले आणि ते ट्रेमध्ये तसेच राहिले. तेवढ्यात काकूंनी एक उचलला, दोन घोट घेतले आणि तोंडातली बी काढून सगळ्यांदेखत तळहातावर धरली. "बी राहिलीय की गं! कसली घाई झाली होती तुला?"

इतकी वर्षं मी या 'गं'ची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

शुगर खरी असेल. पोटही खरंच बिघडलं असेल. आईला विचार करावा लागत नसे. तिचा नकार त्या ओढ्यासारखा समोर दिसायचा. मला मात्र सकाळपासून एकेकीचा चेहरा आठवून बघावा लागतोय, आणि काही ठरत नाही. दिसत नाही म्हणून ओढा आटला, असं म्हणायला जीभ धजत नाही.

पुढच्या वर्षी गर चाळणीतून काढायचा. नाहीतर काकू पुन्हा बोलतील.